पॅट्रिक गेडिस

किनवटच्या मुलांना पैनगंगा कशी आहे हे सांगावे लागत नाही. सहस्रकुंडाच्या काळ्या खडकांवरून ती कोसळते, सागवानाच्या रानातून वाट काढते आणि किनवट गावाजवळून पुढे पूर्वेकडे निघून जाते. पुढे तिचे काय होते, हे मात्र नकाशा उघडल्यावाचून पुष्कळांना सांगता येत नाही. ती वर्धेला मिळते. वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता बनते. प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली अनेक मुखांनी बंगालच्या उपसागरास मिळते. किनवटच्या घाटावर नदीत पडलेली वस्तू वाटेत अडली नाही, बुडाली नाही किंवा कुजली नाही, तर ती शेवटी आंध्राच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या जाळ्यात जाऊन पडावयाची.

डोंगरापासून समुद्रापर्यंतची नदी ही एकच अखंड वस्तू आहे, तिच्या काठचे प्रत्येक गाव तिच्यापासून काही घेते व तिला काही देते, म्हणून गावाची प्रकृती जाणावयाची असेल तर आधी त्याची नदी पाहावी, असे एका थोर शास्त्रज्ञाने जन्मभर सांगितले. पॅट्रिक गेडिस हे त्यांचे नाव. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. परंतु नगररचनाशास्त्राचे आचार्य म्हणून जगाने त्यांना ओळखले, आणि आपल्या आयुष्याची सुमारे दहा वर्षे त्यांनी भारतात वेचली.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या लहानशा गावी झाला. वडील सैन्यात होते. पॅट्रिक तीन वर्षांचा असताना हे कुटुंब पर्थ या नगराजवळ एका टेकडीच्या उतारावर राहावयास आले. घराभोवती बाग होती. वडिलांनी मुलाच्या हाती पाटीच्या आधी कुदळ दिली, असे म्हटले तरी चालेल. बटाटे लावावे, रोपांची निगा राखावी, फुलांची नावे ओळखावी आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर तुडवावे, हेच त्या मुलाचे पहिले शिक्षण. टेकडीवर उभे राहिले की खाली पर्थ नगर आणि त्याला लगटून वाहणारी टे नदी दिसे.

टे नदीविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील कोणत्याही नदीपेक्षा ती अधिक पाणी समुद्रास नेते. आपल्या कोकणातील खाड्यांप्रमाणे तिच्या मुखातही भरतीचे पाणी दूरवर आत शिरते. कोकणातील खाड्यांचे पाणी बहुधा खारट किंवा मचूळ लागते. टे नदीचा लोंढा मात्र इतका मोठा असतो, की पर्थजवळ भरती-ओहोटीबरोबर नदी चढते व उतरते, तरी तिचे पाणी गोडेच राहते. समुद्राची शिस्त आणि नदीचे पाणी, असा हा दुर्मीळ संयोग आहे. सॅमन नावाचे मासे या नदीच्या वरच्या थंड प्रवाहात जन्मतात, समुद्रात जाऊन वाढतात आणि अंडी घालण्यासाठी याच वाटेने पुन्हा माघारी येतात. नदीचे मुख घाण झाले तर त्यांची वाटच बंद होते. मुखाशी बसलेल्या शहराचा दोष असा उगमापर्यंत जाऊन पोचतो.

शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेस मान देऊन पॅट्रिकने दीड वर्ष एका पेढीत हिशेब लिहिले. काम नीट केले, पण मन रमले नाही. पुढे एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्रासाठी नाव घातले आणि आठवड्याभरातच काढून घेतले. सुकलेल्या फुलांच्या पाकळ्या मोजणे म्हणजे वनस्पतींचा अभ्यास नव्हे, असे त्यांना वाटले. हा उतावीळपणा होता असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही. परंतु या उतावीळपणानेच त्यांना लंडनला थॉमस हक्सली यांच्या प्रयोगशाळेत नेले. हक्सली हे त्या काळचे अग्रगण्य प्राणिशास्त्रज्ञ होते. गोगलगाईसारख्या प्राण्यांच्या जिभेची रचना तपासत असता या तरुण विद्यार्थ्याला आपल्या गुरूंच्या लिखाणात एक चूक आढळली. त्याने ती भीतभीत दाखविली. हक्सलींनी पुन्हा पाहिले, चूक मान्य केली आणि रागावण्याऐवजी शिष्याला तो शोध स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करावयास लावले. गुरू-शिष्य दोघांनाही शोभणारी ही गोष्ट आहे.

नंतर गेडिस यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर रॉस्कॉफ येथे समुद्रातील जीवांचा अभ्यास केला. तेथील वाळूत हिरव्या रंगाचे इवलेसे चपटे कृमी असतात. ते सूर्यप्रकाशात झाडांच्या पानांप्रमाणे प्राणवायू सोडतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. १८७९ मध्ये ते मेक्सिको देशात गेले आणि तेथे त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. डोळ्यांच्या विकाराने दृष्टी गेली. अनेक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून राहावे लागले. एके दिवशी चाचपडताना हाताला खिडकीची तावदाने लागली. एकेका चौकटीत एकेक विचार ठेवावा, शेजारच्या चौकटीशी त्याचा संबंध जोडावा, असा खेळ त्यांनी मनाशी मांडला. पुढे ते कागदाला घड्या घालून चौकटी पाडीत व त्यांत आपले विचार मांडीत. भूमी, काम आणि लोक या तीन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, हा त्यांचा पुढील सर्व आयुष्याचा प्रश्न या रीतीनेच मांडला गेला. दृष्टी परत आली, परंतु सूक्ष्मदर्शक यंत्रावर दिवसचे दिवस काम करण्याची शक्ती त्यांच्या डोळ्यांत उरली नाही. प्रयोगशाळा हळूहळू सुटली. लहान जीव पाहण्यास ज्यांना बंदी झाली, त्यांनी शहर हाच एक मोठा जीव मानून त्याचे निरीक्षण आरंभिले.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन या सुशील व कर्तबगार युवतीशी त्यांचा विवाह झाला. पतिपत्नींनी एडिंबरो शहराच्या जुन्या, कोंदट वस्तीत बिऱ्हाड केले. त्या वस्तीतून सुस्थितीतील लोक बाहेर पडत होते. हे दोघे मुद्दाम आत गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंतींना चुना दिला, कचऱ्याचे ढीग उचलले, मोकळ्या तुकड्यांवर बागा केल्या. १८९२ मध्ये तेथील एक उंच मनोरा त्यांनी हाती घेतला. त्याच्या माथ्यावर एक अंधारी खोली होती व भिंगांच्या योगाने साऱ्या शहराचे हलते चित्र आतील टेबलावर पडे. येणाऱ्याला आधी माथ्यावर नेऊन शहर दाखवीत. मग एकेक मजला खाली उतरत स्कॉटलंड, युरोप व शेवटी सर्व जग यांची माहिती देत. आपला गाव नीट पाहिल्यावाचून जग कळत नाही, हे त्या मनोऱ्याच्या जिन्यानेच शिकविले.

१८८८ पासून सुमारे तीस वर्षे ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. हे डंडी टे नदीच्याच मुखाशी वसलेले आहे. ज्या नदीच्या काठी बालपण गेले तिच्याच शेवटच्या टप्प्यावर त्यांना नोकरी मिळाली, आणि वरची नदी व खालची नदी यांतील भेद रोज डोळ्यांसमोर आला. डंडीत तागाच्या गिरण्या होत्या. बंगालच्या शेतात पिकलेला ताग जहाजांनी तेथे जाई. गिरण्यांचा धूर आकाशात आणि शहराचे सांडपाणी नदीत, अशी त्या काळच्या सर्वच गिरणगावांची रीत होती.

नदीचे हे अखंड रूप ध्यानी यावे म्हणून गेडिस यांनी एक प्रसिद्ध चित्र तयार केले. त्यात डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र दाखविला आहे. डोंगरात खाणकामगार, मग लाकूडतोड्या व शिकारी, त्याखाली मेंढपाळ, मग शेतकरी व माळी, आणि शेवटी किनाऱ्यावर कोळी. प्रत्येकाचे काम त्याच्या भूमीने ठरविलेले असते व शहरात या सर्वांची वंशपरंपरा एकत्र येते, असा त्याचा अर्थ. हेच चित्र आपल्याकडे लावून पाहा. किनवटच्या रानात गोंड, कोलाम, आंध हे लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले. खाली वर्धेच्या काठी दगडी कोळशाच्या खाणी आहेत. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताची शेते आहेत आणि मुखाशी कोळीवाडे. आपल्याकडे खाणी डोंगरात नसून खाली आहेत, म्हणजे चित्र जसेच्या तसे जुळत नाही. पण नदीने बांधलेली माणसांची साखळी तीच आहे.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस भारतात यावयास निघाले. जगातील नगरांचे नकाशे व चित्रे यांचे एक मोठे प्रदर्शन त्यांनी अनेक वर्षांच्या श्रमाने जमविले होते. ते वेगळ्या जहाजाने मागून येत होते. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज हिंदी महासागरात बुडविले आणि सारा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. गेडिस यांनी मित्रांना पत्रे लिहिली, नवे नकाशे मागविले आणि थोड्याच महिन्यांत मद्रास येथे नवे प्रदर्शन उभे केले.

त्यानंतर ते शहरामागून शहरे पाहत हिंडले. मुंबई इलाख्यातील ठाणे, वांद्रे, सुरत इत्यादी गावांची त्यांनी १९१५ मध्ये पाहणी केली. त्यांची रीत वैद्याची होती. वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही. त्याप्रमाणे पहाटे उठून गल्लीबोळ पायी पाहिल्यावाचून ते नकाशावर रेघ ओढीत नसत. त्या काळचे काही अधिकारी हिवतापाच्या भीतीने गावातील तळी बुजवावयास निघाले होते. गेडिस यांनी त्यास विरोध केला. तळ्यात मासे व बदके सोडली तर ती डासांची पिल्ले खाऊन टाकतात. तळे मात्र बुजविले की गावाचा गारवा, पाणी आणि सौंदर्य तिन्ही नाहीशी होतात, असे ते सांगत.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठोर ठरले. थोरला मुलगा ॲलस्डेर फ्रान्समधील रणांगणावर मारला गेला. त्या वेळी पत्नी ॲना भारतातच विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती. हा आघात तिला सोसवणार नाही हे जाणून गेडिस यांनी मुलाच्या मृत्यूची वार्ता तिच्यापासून लपविली आणि त्याची पूर्वी आलेली पत्रे ते तिला वाचून दाखवीत राहिले. काही आठवड्यांनी तीही गेली. वय त्रेसष्टीला आलेले, घरापासून हजारो कोस दूर, आणि असे दोन घाव. या स्थितीत ते इंदुरास कामावर रुजू झाले.

इंदूर ही होळकरांची राजधानी. तेथील दरबार मराठी, गावात मराठी माणसांची वस्ती मोठी. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांचा तेथे भर गावात संगम होतो, आणि खानचे पाणी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला जाऊन मिळते. कापडाच्या गिरण्यांनी गाव झपाट्याने वाढत होते. हिवताप तर कायमचाच होता. त्यात प्लेगही वरचेवर येई. नकाशा हाती घेऊन हा दाढीवाला वृद्ध साहेब गल्ल्यांतून हिंडू लागला, तेव्हा लोक त्याच्याकडे बोट दाखवून कुजबुजू लागले. गेडिस यांनी सहकाऱ्याकडे चौकशी केली. प्लेग आणणारा साहेब तो हाच, असे लोक बोलत होते!

गेडिस यांनी यावर एक युक्ती योजिली. महाराज तुकोजीराव होळकर यांच्याकडून त्यांनी दिवाळीच्या उत्सवाची एक दिवसाची सर्व सत्ता मागून घेतली. मग दवंडी पिटविली, की यंदाची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील, त्याच रस्त्याने ती जाईल. साऱ्या गावात चुरस लागली. भिंती सारविल्या गेल्या, अंगणे झाडली गेली, उंदरांसाठी सापळे लावले गेले आणि हजारो गाड्या कचरा गावाबाहेर गेला. दिवाळीच्या दिवशी मिरवणूक निघाली. पुढे हत्ती, घोडे व धान्याने भरलेल्या गाड्या. त्यामागे कोंदट, मोडक्या घरांच्या प्रतिकृती. मग घाणीचा एक अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर. त्यांच्या मागून आले ते गावातील शेकडो सफाई कामगार स्त्रीपुरुष, सर्व पांढऱ्या शुभ्र वस्त्रांत, गळ्यांत फुलांच्या माळा घातलेले. ज्यांच्याकडे एरवी कोणी मान वर करून पाहत नसे, त्यांना त्या दिवशी उत्सवात मानाचे स्थान मिळाले. मला वाटते, गेडिस यांच्या साऱ्या कामात हे काम श्रेष्ठ होय. घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली आणि रात्री राक्षस व उंदीर यांचे दहन झाले. त्यानंतर प्लेग ओसरला. प्लेगचा हंगाम तसाही संपत आला होता. परंतु लोकांनी त्याचे श्रेय त्या वृद्ध साहेबाला दिले आणि पूर्वीची कुजबुज पार उलटली.

उत्सव एका दिवसाचा. नदीचा प्रश्न मात्र रोजचा होता. १९१८ मध्ये गेडिस यांनी इंदूर दरबारला दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्या वेळी भुयारी गटारांची एक मोठी, खर्चिक योजना पुढे आली होती. मैला पाण्याबरोबर वाहून न्यावयाचा, हे तिचे सूत्र. गेडिस यांना ते पटले नाही. एका गावाची घाण दुसऱ्या गावाच्या वाटेवर ढकलणे म्हणजे घाण नाहीशी करणे नव्हे. मातीतून आलेले मातीस परत द्यावे. मैल्याचे खत करून बागा फुलवाव्या. नदीचे पात्र स्वच्छ करून तिच्या दोन्ही काठांस वृक्ष व उद्याने करावी, असे त्यांनी सुचविले.

यामागील कारण आज शास्त्राने अधिक स्पष्ट झाले आहे. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. सांडपाणी नदीत पडले की ते कुजविणारे सूक्ष्म जंतू बेसुमार वाढतात आणि तोच प्राणवायू वापरून टाकतात. एक लिटर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर ते पाणी माशांच्या वाढीस योग्य, असे आपल्या देशात मानले जाते. तो त्याहून फार कमी झाला की आधी नाजूक मासे जातात, मग किडे व शिंपले जातात, आणि शेवटी काळ्या गाळात लाल कृमी तेवढे उरतात. नदी वाहती असेल तर काही अंतराने हवेतून व पाणवनस्पतींकडून तिला प्राणवायू पुन्हा मिळतो व ती सावरते. परंतु सावरण्याआधीच दुसरे शहर लागले, तर तिला उसंतच मिळत नाही. म्हणूनच नदीचे परीक्षण करणारे शास्त्रज्ञ शहराच्या वर, शहरात व शहराच्या खाली अशा तिन्ही ठिकाणी पाणी तपासतात आणि त्यांतील अंतरावरून शहराने नदीचे काय केले हे ठरवितात.

गेडिस यांची सूचना सर्वस्वी व्यवहार्य होती, असे म्हणता येत नाही. लाखो वस्तीच्या शहराचा सारा मैला बागांत जिरविणे कठीण असते, आणि वाढत्या इंदुरास गटारांवाचून चालले नसते. पण नदीविषयीचे त्यांचे भय खरे ठरले. शहर वाढत गेले, घराघरांचे सांडपाणी खानमध्ये पडू लागले आणि पुढे अनेक वर्षे लोक तिला नदी न म्हणता नाला म्हणत. २०१६ मध्ये उज्जैनला सिंहस्थ मेळा भरला. तत्पूर्वी खानचे दूषित पाणी स्नानाच्या घाटांवर येऊ नये म्हणून ते मोठ्या नळातून उज्जैनला वळसा घालून खाली क्षिप्रेत सोडण्याची व्यवस्था करावी लागली. जे करू नये म्हणून गेडिस यांनी सांगितले होते, तेच शंभर वर्षांनी निरुपायाने करावे लागले. त्यानंतर इंदुराने नदीत पडणारी सांडपाण्याची तोंडे बंद करण्याचे मोठे काम केले आणि २०२१ मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दल देशात पहिला मान मिळविला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे नवे अध्यासन स्थापून त्यावर गेडिस यांची नियुक्ती केली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यातील गुण त्यांनी हेरले व त्यांच्या शिफारशीने घुर्ये इंग्लंडला शिकावयास गेले. तेच पुढे भारतातील समाजशास्त्राचे आचार्य झाले. जगदीशचंद्र बोस हे गेडिस यांचे मित्र; त्यांचे चरित्र गेडिस यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले. गेडिस यांचे बोलणे भरभर व पुटपुटल्यासारखे असे. विद्यार्थ्यांना ते पुष्कळदा कळतही नसे. परंतु त्यांच्याबरोबर पायी हिंडलेला विद्यार्थी आपले गाव नव्या डोळ्यांनी पाहू लागे.

१९२४ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी भारत सोडला. फ्रान्सच्या दक्षिणेस मॉन्पेलिए नगराबाहेर एका खडकाळ टेकडीवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक महाविद्यालय काढले आणि त्या दगडधोंड्यांत स्वतः खपून बाग केली. ब्रिटिश सरकारने पूर्वी देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नाकारली होती. १९३२ च्या आरंभी ती पुन्हा देऊ केली तेव्हा त्यांनी स्वीकारली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, १७ एप्रिल १९३२ रोजी, मॉन्पेलिए येथे त्यांचे देहावसान झाले. एडिंबरो येथील त्यांचा मनोरा अद्याप उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावरील अंधाऱ्या खोलीत शहराचे हलते चित्र पाहण्यासाठी आजही लोक जिना चढून जातात.